चालतंय मिस्त्री

धंद्यात मला ‘चालतंय मिस्त्री’ म्हणतात. हे नाव थोरल्या भावानं, दादानं ठेवलं. गिऱ्हाइकानं काहीही विचारलं की माझं उत्तर ठरलेलं. ब्रेक सैल वाटतोय? चालतंय. आवाज येतोय? चालतंय की! दादा म्हणायचा, “तुझ्या दुकानात न चालणारी एकच वस्तू आहे, भिंतीवरचं घड्याळ.” आता कोणी त्या नावानं हाक मारली की मी ओ देत नाही. का, ते सांगतो. विश्वास ठेवाच, असा आग्रह नाही.

रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला.

“भाऊजी, ती गाडी विकून टाकायची म्हणते. पण खाली रोज तेल सांडतंय. तेवढी गळती बंद करून द्या.”

ती गाडी म्हणजे दादाची लांब पल्ल्याची जुनी मोटरसायकल. रुंद सीट, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, आणि मीटरमध्ये प्रवासाचा एक वेगळा आकडा. निघताना दादा तो बटण दाबून शून्यावर आणायचा आणि घरी परतल्यावर, बूट काढायच्याही आधी, वहिनींना वाचून दाखवायचा. दोन वर्षांपूर्वी असाच निघाला आणि एका वळणावर गाडी घसरली; दादा जागीच गेला. गाडी टेम्पोत घालून आणली तेव्हा तो आकडा तीनशे बारावर होता. बॅटरी मीच काढली आणि गाडी घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली लावली. सगळे म्हणाले, वेग नडला. वहिनींनीही तेच मनात धरलं. सावकाश जा म्हणून बजावलं होतं, ऐकलं नाही, या रागानं त्यांनी दादाचा फोटोसुद्धा कपाटात पालथा घालून ठेवला होता.

दुपारी शेड उघडली. ताडपत्री काढली तर इंजिनाखाली ताटाएवढा काळा डाग, ओला. बोट लावून पाहिलं. तेल कोमट होतं. वरचा पत्रा तापला असेल, असं मनाशी म्हटलं खरं, पण बाहेर ढगाळ होतं आणि माझ्या अंगात स्वेटर होता.

खालचा बोल्ट काढून इंजिनातलं सगळं तेल सोडलं. परत बोल्ट लावताना, तेल अडवणारं त्याचं तांब्याचं जुनं, चेपलेलं वॉशरच पुन्हा घातलं. रिकाम्या इंजिनाला काय फरक पडतो? चालतंय. खाली कोरडा ट्रे सरकवला आणि घरी गेलो.

सोमवारी चार वाजता आलो तेव्हा ट्रे अर्धा भरला होता. रिकाम्या इंजिनाखाली. ट्रेच्या कडेला हात लावला आणि झटकन मागे घेतला, कारण आता ते कोमटही नव्हतं, चांगलं गरम होतं.

मी खूप वेळ तसाच उकिडवा बसून राहिलो. मग हातांना काहीतरी काम हवं म्हणून नेहमीची रीत धरली. गळती सापडत नसली की इंजिन पुसून लख्ख करायचं आणि वर टाल्कम पावडर मारायची. जिथून तेल येतं तिथे पावडर काळी पडते. माझा डबा संपला होता. वहिनींनी घरातून एक आणून दिला. झाकण उघडलं आणि शेडभर दादाच्या अंघोळीनंतरचा वास पसरला.

सगळं इंजिन पांढरं झालं. मी टॉर्च धरून बघत होतो. कुठेच काही नाही... आणि मग त्या बोल्टापाशी एक काळी रेघ उमटली. हळूहळू खाली आली.

टप्.

पुन्हा.

टप्.

“चालेल ना, मिस्त्री?”

मागून, अगदी कानाशी. हळू, चिडवल्यासारखं. मी वळलो नाही. मला वळायची हिंमतच नव्हती.

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. त्या सकाळी दादा निघायच्या घाईत होता, मी तेल बदलत होतो आणि नवं वॉशर संपलं होतं. “जुनंच घालतोस? चालेल ना, मिस्त्री?” त्यानं विचारलं होतं, आणि मी मान वर न करता म्हणालो होतो, “चालतंय की!” चार दिवसांनी टेम्पोतून गाडी उतरवली तेव्हा मागच्या टायरवर तेल होतं. कोणी बघायच्या आत मी ते फडक्यानं पुसून टाकलं.

“नाही दादा,” मी म्हणालो. “नव्हतं चालत... मला ठाऊक होतं.”

मी बोल्ट काढला, जुनं वॉशर खिशात टाकलं, नवं घातलं, बोल्ट आवळला. पावडर पुन्हा मारली. रेघ उमटली नाही.

मग मी घरात गेलो, ते वॉशर वहिनींच्या समोर टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. टायरचंही. वाटलं होतं, तोंडात मारतील. मारायला हवं होतं.

वहिनींनी ते वॉशर उचलून बोटांत फिरवलं. मग म्हणाल्या, “दोन वर्षं मी त्यांच्याशी भांडतेय, भाऊजी. रोज. उत्तर देत नाहीत म्हणून आणखी भांडतेय.”

मला रडू आवरेना. त्या रडल्या नाहीत. उठल्या, कपाट उघडलं, फोटो सरळ केला आणि शेडकडे चालू लागल्या. मी मागोमाग गेलो. त्यांनी पदरानं मीटरवरची धूळ पुसली आणि वाकून, दादा वाचायचा तशा सुरात, आकडा वाचला.

“सहाशे चोवीस.”

“तीनशे बारा होता, वहिनी... मी स्वतः पाहिला होता.”

“जाताना तीनशे बारा, येताना तीनशे बारा,” त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, “गाडी विकायची नाही,” आणि घाईघाईनं घरात गेल्या.

मी एकटाच उभा राहिलो. बॅटरी समोर फळीवर होती, दोन वर्षांची धूळ अंगावर घेऊन. इंजिनात तेलाचा थेंब नव्हता. आणि तरीही, लांबचा पल्ला मारून आलेली गाडी उभी केली की इंजिन निवताना जसा आवाज करतं, तसा आवाज येत होता. टिक... टिक... टिक...

तेवढ्यात घराच्या पुढच्या दाराची कडी निघाल्याचं ऐकू आलं. मला वाटलं, वहिनींनीच काढली. पण त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या होत्या, दोन पेले हातात घेऊन, आणि दाराकडे बघत होत्या.