शांताचा दुसरा डोळा

गिरणीत मी कापड तपासायचो. अख्ख्या ताग्यात एक धागा चुकला तरी माझं बोट बरोबर तिथं पडायचं. नसलेलं काही बघायची मला सवय नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

काळाचौकीच्या आमच्या खोलीत माझ्या बायकोला, शांताला, दोन वर्षं सगळं धुरकट दिसत होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि शुगरमुळे ऑपरेशन लांबलेलं. दिसेना तशी ती विसरायलाही लागली. गॅस, वार, विनीतच्या, म्हणजे आमच्या मुलाच्या, पोरांची नावं. लालबागच्या डॉक्टर मानसींनी तिला घड्याळ काढायला दिलं, तर बाराही आकडे तिने एकाच बाजूला कोंबले.

"नजर गेली की मेंदूचंही काम कमी होतं, काका," त्या म्हणाल्या. "ऑपरेशननंतर विसरणं कदाचित कमी होईल. खात्री देत नाही."

डावा डोळा झाला. तीन आठवड्यांत तिला पेपरातले मथळे वाचता यायला लागले, नातवंडांची नावं आठवली. मी चाळीत पेढे वाटले. त्याच संध्याकाळी तिने विचारलं, "तो कुठे गेला हो?"

"कोण तो?"

"संत्रं सोलून द्यायचा तो."

"अगं, मीच द्यायचो की!"

"तुम्ही शिरांसकट देता. तो एकेक शीर काढायचा."

डॉक्टर म्हणाल्या, अंधुक नजरेत मेंदू कधी कधी आपली माणसं स्वतःच तयार करतो. मला पटलं. पण जळफळाट काही थांबेना. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आणि तोही नसलेल्या माणसावर! दोन वर्षं हिला न्हाऊ घातलं मी, भरवलं मी, आणि बाईसाहेबांना आठवतो तो!

एका दुपारी भाजी घेऊन आलो. शांता खिडकीशी बसली होती. चांगला डोळा तिने तळहाताने झाकला होता. उरलेल्या पांढुरक्या डोळ्याने ती माझ्या खांद्याच्या बाजूला, वीतभर वर बघून हसत होती. सत्तेचाळीस वर्षांत ती माझ्याकडे बघून अशी हसली नव्हती.

"खंय होतंस रे इतका वेळ?" ती माहेरच्या मालवणीत म्हणाली. "बस मरे."

कुठे होतास, बस ना, असं अरेतुरेत. माझ्याशी ती कधी 'अहो'च्या खाली उतरली नाही.

तिच्यासमोर बशीत संत्र्याच्या फोडी होत्या. एकाही फोडीवर शीर नव्हती. शांताचे हात इतके थरथरतात की तिला ब्लाउजचं हूकही लावता येत नाही. मी शेजारच्या सीमाला विचारलं.

"मी दुपारभर दारातच मटार सोलत होते, आजोबा. कोणी आलं नाही."

एक फोड मी खाल्ली. गोड होती. बाकीच्या कचऱ्यात टाकल्या.

दुसरा डोळा दोन महिन्यांनी करायचा होता. मी डॉक्टरांच्या मागे लागलो, ही सारखी ठेचकाळते, लवकर करा. साफ खोटं बोललो. मला त्याची राहायची जागाच काढून घ्यायची होती.

आदल्या दिवशी शांता रडली. "तो जाईल हो."

"जाऊ दे!" मी ओरडलो. "मी आहे ना!"

तिने चांगला डोळा तळहाताने झाकून घेतला.

ऑपरेशननंतर महिनाभर तिने त्याचं नाव काढलं नाही. डोळेही झाकले नाहीत. मी संत्र्याच्या शिरा काढायला शिकलो. ती मुकाट खायची. जिंकलो म्हणायचो मी मनात.

मग तपासणीला गेलो. बाकावर मी तिच्याशेजारी टेकलो. तिने घड्याळ चोख काढलं. लग्नाची तारीख सांगितली. डॉक्टर खूश झाल्या.

"आणि नवऱ्याचं नाव, काकू?"

एरवी नाव घ्यायला ती लाजायची. त्या दिवशी लाजली नाही.

"आनंदा."

माझंच नाव. मला एकदम भरून आलं.

ती माझ्याकडे वळली. दोन्ही डोळे स्वच्छ होते. तिने मला नीट न्याहाळलं, परक्या माणसाला न्याहाळावं तसं.

"काका," ती म्हणाली, "वायच उठता का? आनंदाला बसायचंय."

का कोण जाणे, मी उठलो.

बाकाची रेक्झीनची गादी वर यायच्या ऐवजी आणखी दबली.