तिसऱ्या बाटलीतला नर

ज्या बाईने आपली कवळी बनवली, ती एके सकाळी आपल्याच घरी येऊन रडेल असं भाऊजींना स्वप्नातही वाटलं नव्हतं. कवळी तोंडात चपखल बसली होती, पण शब्द काही फुटेना. शेवटी त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "घारी, बाहेर ये गं."

घारी ही त्यांची मेहुणी. डोळे घारे म्हणून लहानपणापासून हेच नाव, आणि नजरही नावाला जागणारी. लोकांची हरवलेली माणसं आणि लपवलेली पापं हुडकून काढणं हा तिचा धंदा. बायको गेल्यापासून भाऊजी तिच्याबरोबर तपासाला जात. उपयोग फारसा नव्हता, पण घरी बसलं की दाराशी बायकोच्या चपला दिसत. त्या हलवायचं धाडस त्यांना अजून झालं नव्हतं.

बाईने टेबलावर काचेच्या तीन छोट्या बाटल्या मांडल्या. प्रत्येकीत निळसर स्पिरिटमध्ये बुडालेला एकेक कोळी होता, अंगठ्याच्या पेराएवढा.

"माझा नवरा वाळवंटातल्या कोळ्यांचा अभ्यास करायचा," ती म्हणाली. "बिळं करून राहणारे कोळी. पाच वर्षांपूर्वी तिकडे गेला तो आलाच नाही. कोरड्या नदीत तंबू ठोकला होता. वर कुठेतरी पाऊस झाला आणि लोंढा आला. तंबू सापडला, तो नाही. आणि गेली तीन वर्षं, त्याच्या वाढदिवशी सकाळी आमच्या उंबऱ्यावर एक बाटली असते. चिठ्ठी नाही, काही नाही. पहिल्या दोन माद्या. यंदाचा हा नर."

"म्हणजे जिवंत आहे की!" भाऊजी म्हणाले.

"तेच कळत नाही." तिने डोळे पुसले. "दुसऱ्या गावच्या एका दंतवैद्यांनी मला लग्नाचं विचारलंय. शनिवारी उत्तर द्यायचंय. मी 'हो' म्हणणार होते, तेवढ्यात ही बाटली आली. तो असेल तर मी जन्मभर थांबेन. नसेल तर तसं कोणीतरी मला तोंडावर सांगा. हे अधांतरी जगणं आता सोसवत नाही."

घारीने विचारलं, "पहिली बाटली आली, त्याच्या आधी घरात काही घडलं होतं?"

"काही नाही. त्याचे कपडे आता कोणालातरी देऊन टाकू या, असं मी म्हणत होते. मग बाटली आली आणि ते राहूनच गेलं."

"ही तिसरी कोणाकोणाला दाखवलीत?"

"कोणालाच नाही. सासूबाईंनासुद्धा नाही. आम्ही दोघीच राहतो. पहिल्या दोन त्यांनी उराशी धरल्या होत्या. पुन्हा त्यांच्या जिवाला आस लावायची आणि मग... नको वाटलं."

घारीने बाटली उजेडात धरली. "भाऊजी, काय दिसतंय?"

"आठ पाय. तोंडापाशी दोन बारके हात... छे, एकच आहे. उजवा. टोकाला मुठीसारखा फुगलेला. डावा नाही."

"वाटेत मोडला असेल," बाई म्हणाली.

"असेल," घारी म्हणाली आणि बाटली पिशवीत टाकली.

दुपारी दोघं संग्रहालयात गेली. तिथले कोळ्यांचे अभ्यासक म्हणजे हरवलेल्या माणसाचे जुने सहकारी आणि त्याहून जुने वैरी. दोघांचं भांडण शहरभर गाजलेलं. घारीने बाटली दाखवली नाही, नुसतं भांडणाचं कारण विचारलं.

"हे वाळूतले कोळी दिसायला सगळे सारखे," ते म्हणाले. "पण काही जण बिळाला रेशमाचं झाकण लावतात, काही जण तोंड उघडं ठेवून भोवती काड्यांची कड रचतात. मी म्हणायचो घराणं एकच, सवयी वेगळ्या. तो म्हणायचा घराणीच दोन."

"मग खरं-खोटं करायचं कसं?"

"बाटलीत पडल्यावर बीळ कुठून दाखवणार? नराचे तोंडापाशीचे हात बघायचे. कोणाचं टोक सुईसारखं सरळ, कोणाचं आकड्यासारखं वळलेलं. एक हात सुटा करून भिंगाखाली धरायचा आणि चित्र काढायचं. जगभर सगळे डावाच काढतात, म्हणजे एकाचं चित्र दुसऱ्याच्या चित्राशी ताडता येतं. उजवा अंगावरच राहू द्यायचा."

भाऊजींनी जांभई दाबली. भिंतीभर बाटल्याच बाटल्या होत्या, स्पिरिट कसं पाण्यासारखं स्वच्छ. बघून बघून त्यांचे डोळे जड झाले.

निघताना अभ्यासकांनी चष्मा काढला. "त्याच्याइतकं मन लावून माझ्याशी कोणी भांडलं नाही हो. आता मी म्हणतो ते सगळे मान्य करतात. हे एकटेपण खायला उठतं."

रस्त्यावर येताच भाऊजी म्हणाले, "चोराच्या मनात चांदणं! पश्चात्ताप झालाय त्याला. तोच बाटल्या ठेवतो."

"तुमची कवळी तुमच्यापेक्षा कमी घाई करते, भाऊजी," घारी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गाडीवाल्याकडे गेली. शेवटच्या खेपेला त्यानेच त्या माणसाला वाळवंटात सोडलं होतं. गॅरेजमध्ये तो गाडीखाली आडवा होता, बोलताना बाहेर आला.

"लोंढा मी डोळ्यांनी पाहिलाय, बाई. पाऊस पडला की नर बिळाबाहेर निघतात, मादीच्या शोधात. एरवी दिसायचे नाहीत. म्हणून तर साहेब आभाळ बघून निघाले होते." त्याने हात पुसले. "त्यानंतर तिकडे थेंब नाही. गेल्याच महिन्यात जाऊन आलो. जमीन नुसती भाजून निघालीय. एक कोळी बाहेर नाही."

"तुम्ही तिकडे कशाला जाता?"

"हाक मारतो," तो म्हणाला. "ओ येत नाही. पण मारल्याशिवाय राहवत नाही."

भाऊजींच्या संशयाची गाडी लगेच त्याच्याकडे वळली होती. ते ऐकून ती जागेवर थांबली.

संध्याकाळी घारी आणि भाऊजी बाईच्या घरी गेले. मुलाची पुस्तकं बघायला ओळखीचे लोक आलेत, एवढंच सासूबाईंना सांगितलं होतं. म्हातारी पलंगावर ताठ बसली होती. खिडकीत औषधं नीट मांडलेली. कापूस, सुया आणि निळसर स्पिरिटची बाटली.

"साखर आहे मला. सुई मीच टोचून घेते," ती म्हणाली. "सुनेला दिवसभर दुसऱ्यांचे दात असतात."

भाऊजी पलंगाजवळच्या खुर्चीत टेकले. टाच खालच्या लाकडी पेटीला लागली आणि आत काचा किणकिणल्या.

"हळू हो," म्हातारी म्हणाली. मग तिने घारीकडे पाहिलं. "तुम्ही त्याच्या कामातल्या दिसता. लहानपणी तो मला भिंतीवरचे कोळी दाखवायचा, मोठेपणी बाटलीतले. मला सगळं कळतं. मादी एकदा बिळात शिरली की जन्म तिथेच काढते. मी सुनेला म्हटलं, माद्या मिळाल्या म्हणजे तो आहे. आणि नर हाती लागला म्हणजे तर काम संपलं त्याचं. आता घरीच यायचा."

तिचा आवाज इतका गोड होता की भाऊजींना गहिवरून आलं. जिना उतरताना ते म्हणाले, "बिचारीची माया बघ."

"बघितली," घारी म्हणाली. "म्हणून तर उद्या यायला माझे पाय उचलणार नाहीत."

पण शुक्रवारी ती आली. पलंगाशी सून बसली होती. घारीने तिसरी बाटली मधोमध ठेवली. म्हातारीने बाटलीकडे पाहिलं आणि मग नजर खिडकीकडे वळवली.

"हा नर वाळवंटातून आलेला नाही," घारी सुनेला म्हणाली. "पाच वर्षं तिथे पाऊस नाही, आणि पावसाशिवाय नर बाहेर निघत नाही. याचा डावा हात मोडलेला नाही, काढलेला आहे. भिंगाखाली ठेवून याचं चित्र कधीच काढून झालंय. तुमच्या नवऱ्यानेच काढलं असणार, जाण्याआधी."

"मग आणला कोणी?"

"संग्रहालयातलं स्पिरिट पाण्यासारखं असतं. हे निळसर आहे. बाटल्या सुकत आल्या, तेव्हा कोणीतरी घरातलं घालून त्या भरल्या." घारीने खिडकीकडे बोट केलं नाही, नुसतं पाहिलं. "तुम्ही तिसरी बाटली कोणाला दाखवली नव्हती. पण तिच्यात नर आहे हे काल मी या खोलीत ऐकलं. बाकीच्या पलंगाखाली आहेत. भाऊजींनी काल लाथ मारली ती पेटी."

भाऊजींना काल आपण काय काय ऐकलं ते एकदम आठवलं. सगळं कानावर पडलं होतं आणि कानातच राहिलं होतं.

सून हळूच म्हणाली, "आई?"

"तू कपडे द्यायला निघाली होतीस," म्हातारी म्हणाली. "कपडे गेले की तू जाशील. तू गेलीस की मग तो खरंच गेला. कोणाशी बोलू मी त्याच्याबद्दल? भिंतीशी?" तिने पेटीकडे पाहिलं. "माझ्या आयुष्याला पुरतील एवढ्या होत्या."

सून रागावेल, ओरडेल असं भाऊजींना वाटलं. ती काही वेळ बाटलीतल्या त्या एका हाताच्या नराकडे पाहत राहिली. मग तिने सासूच्या मांडीवर डोकं टेकलं आणि त्या दोघी एकदम रडल्या. पाच वर्षं ते रडणं वाटेत अडकून पडलं होतं. भाऊजींनी तोंड भिंतीकडे केलं, कारण त्यांचेही डोळे भरून वाहत होते.

बऱ्याच वेळाने सून उठली. "मी उद्या त्या दंतवैद्यांना हो सांगणार आहे, आई. आणि तुम्ही माझ्याबरोबर येणार आहात. तेही मी आधीच विचारून ठेवलंय. ते म्हणाले, घर मोठं आहे."

"मी नाही यायची," म्हातारी चटकन म्हणाली. "तो आला नि दाराला कुलूप दिसलं, तर..."

ती थांबली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं. बाटल्या कोणी ठेवल्या हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी ती वाट बघतच होती.

भाऊजींना दाराशी ठेवलेल्या चपला आठवल्या.

सुनेने म्हातारीचे डोळे पदराने पुसले. "दारावर नवा पत्ता लावून जाऊ," ती म्हणाली. "आला तर तिकडे येईल."

म्हातारीने मान हलवली.

"मोठ्या अक्षरात लिही," ती म्हणाली. "चष्मा विसरतो तो."