सहाणेवरची सुंठ

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही बनवलेलं नाही. १९७९ साल, कोराडीची वीज कॉलनी, पौषातली अमावास्या.

त्या दिवशी भरदुपारी मधुकररावांनी तो आवाज पहिल्यांदा ऐकला.

खर्र... खर्र...

स्वयंपाकघरात कोणीतरी सहाणेवर काहीतरी उगाळत होतं.

ते आत गेले. कोणीच नव्हतं.

सहाण मात्र ओली होती... आणि सुंठेचा वास. घरात तर सुंठेचा तुकडाही नव्हता.

बायको रुख्मिणी बाहेरच्या खोलीत डोकं धरून पडली होती. दोन महिने डोकं ठणकत होतं, आता डावी पापणीही खाली आली होती. एका डॉक्टरने चष्मा दिला, दुसऱ्याने अशक्तपणा सांगितला. नागपूरच्या चकरा मारून मधुकरराव पार कावले होते.

शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ती पापणी उचलून पाहिली. मेंदूतली नाडी फुगली असावी, म्हणाले. मानेतून औषध सोडून डोक्याचा फोटो काढायचा होता. खाट सोमवारी मिळणार होती.

इकडे तो आवाज रोज येऊ लागला.

मधुकररावांच्या आई, जिजाबाई, हबकल्या. रुख्मिणीची मोठी बहीण मनकर्णा डोकं दुखलं की कपाळाला सुंठेचा लेप लावून बसायची. तिचीही पापणी अशीच पडली होती. एक दिवस बसल्या जागी गेली. कशाने, ते कोणालाच कळलं नाही.

"बहिणीनं धरलं तिले," जिजाबाई म्हणाल्या. "फोटोत थोडीच दिसते थे?"

मधुकरराव भांडले. काही उपयोग झाला नाही. रविवारी पारशिवनीहून मांत्रिक आला. त्याने मनकर्णेला नाव घेऊन दटावलं, लिंबू कापलं, उंबऱ्यात खिळा ठोकला.

आवाज थांबला...

वासही गेला. आणि रुख्मिणीचं डोकंही दुखायचं थांबलं.

"आता बरं वाटून राहिलं मले," ती म्हणाली. "काहून मानेत सुई टोचून घेऊ जी?"

पापणी अजून खालीच होती. पण वैतागलेल्या मधुकररावांनाही तेच ऐकायचं होतं. सोमवार गेला.

गुरुवारी नळावर ती कोसळली.

फोटो तेव्हा निघाला. नाडीवर हरभऱ्याएवढा फुगा... फुटलेला. घरात आधी कोणाला असं झालं होतं का, डॉक्टरांनी विचारलं. मनकर्णेचं ऐकून ते भडकले.

"मग इतके दिवस कोणी सांगितलं कसं नाही?"

दिवस मावळायच्या आत रुख्मिणी गेली.

मनकर्णा रोज दुपारी येत होती... सांगायला की न्यायला, याचा घोर मधुकररावांना आजही आहे. सांगायला येत असेल, तर तिला बाहेर त्यांनीच काढलं.