बारकू पळाला नव्हता!

"पळून जाणारा कुत्रा स्वतःची ताटली बरोबर नेतो का?" वरदनं विचारलं.

"नेईल की! शिवाय वाटेत तहान लागेल म्हणून पाण्याची बाटलीही!" दीक्षा फणकाऱ्यानं म्हणाली.

दोघा सवंगड्यांच्या या बोलण्यावर सलोमी हसली नाही. खडकीतल्या क्वार्टरच्या मागच्या ओट्यावर ती गुडघ्यांत हनुवटी खुपसून बसली होती. सुट्टी लागली आणि बारकू गेला. "फाटक उघडं राहिलं, पळाला," पप्पा म्हणाले होते. तेव्हापासून रोज घरच्या प्रार्थनेत सलोमी डोळे घट्ट मिटून म्हणायची, "प्रभू येशू, आमच्या बारकूला सुखरूप घरी आण." आणि पप्पा सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचे, "आमेन!"

पण ताटली खरंच नव्हती. साखळीही नव्हती!

"म्हणजे कोणीतरी नेलाय," दीक्षा म्हणाली. "आणि तो भुंकला नाही. ओळखीचंच माणूस!"

तिघं चौकात आली. स्टँडवर बारकूच्या ओळखीच्या बद्रीनाथकाकांची रिक्षा उभी होती. वरदनं आत डोकावून हळूच शीळ घातली. "सीट बघा! नखांचे ओरखडे! आणि हे बारकूसारखे तांबूस केस!"

"सरळ विचारलं तर काका काही बोलणार नाहीत," दीक्षा कुजबुजली.

सलोमी धावत घरी गेली आणि पोळी घेऊन आली. "काका, बारकूला पोळी द्यायचीय. न्याल आम्हाला?"

"पोळी द्यायला थेट वाघोलीला?" काकांनी पेपर खाली केला. "अगं, तुझ्या पप्पांनी त्या पोल्ट्रीवर सांगितलंय की, खायला..." त्यांनी जीभ चावली.

"सापडला!" वरद ओरडला. मग त्याचं लक्ष सलोमीकडे गेलं.

पप्पांनी?

तिनं आईला सांगितलं. आईलाही काहीच ठाऊक नव्हतं. ती चपला अडकवून मुलांबरोबर रिक्षात बसली. "बद्रीनाथभाऊ, चला."

वाघोलीत नव्या इमारतींच्या मागे पोल्ट्री होती. सलोमीला बघताच बारकूनं साखळीला असे हिसके दिले, की खुंटाच उपटून निघाला! राखणदार गेनबा डोकं खाजवत म्हणाला, "खातच न्हाई ओ हे. सायब म्हनले, पोरीला नको झालाय कुत्रा. खरं हाय का?"

"मला नको झालाय?" सलोमी म्हणाली. "असं म्हणाले?"

बारकू तिच्या हातातली पोळी गपागप खात होता.

संध्याकाळी पप्पा कंपनीतून आले. गळ्यात अजून ओळखपत्र लटकत होतं. बारकूला बघून ते दारातच थबकले. "अरे! सापडला? देवाची कृपा!"

"देवाचं नाव घेऊ नका, पप्पा!" सलोमी ओरडली. "आम्ही वाघोलीहून आणलाय त्याला! मी रोज प्रार्थना करत होते, आणि तुम्ही शेजारी बसून आमेन म्हणत होतात! देव माझं ऐकतच नाही, असं वाटायला लागलं होतं मला!"

पप्पा मटकन खुर्चीत बसले. "आपण राहायला जाणार त्या नव्या सोसायटीत कुत्रा चालणार नाही, असं वाटलं मला."

"वाटलं? विचारलं नाहीत?" आईनं विचारलं.

"नाही."

"छान!"

पप्पांनी तिथल्या तिथे चेअरमनना फोन लावला. फोन ठेवताना त्यांची मान खाली होती. "चालतो म्हणे. लस टोचलेली असली की झालं."

"एक फोन?" वरद उद्गारला. "फक्त एक फोन?"

"सलोमी," पप्पा म्हणाले, "खोटं एकदा बोललो आणि मग रोज देवासमोर तेच निभावत बसलो. देव ऐकत होता, बाळा. ऐकत नव्हतो तो मी. मला क्षमा कर."

बारकू शेपटी हलवत पप्पांकडे गेला आणि त्यांच्या बुटांवर डोकं टेकून पसरला. त्यालाच तर त्यांनी टाकून दिलं होतं! सलोमी बघत राहिली. एवढं सोपं असतं?

"त्यानं केली क्षमा," ती म्हणाली. "मला वेळ लागेल."

"लागू दे," पप्पा म्हणाले.

"पण तिघांनी शोधून काढलंत हं!" आई वरद आणि दीक्षाच्या पाठीवर थाप मारत म्हणाली. "मोठ्यांना जमलं नसतं. आता बसा, जेवूनच जा."

जेवणाआधी आईनं प्रार्थनेसाठी चटई अंथरली. पप्पा दाराशीच घुटमळले. सलोमी जराशी सरकली आणि चटईवर त्यांच्यापुरती जागा झाली.