फाजील शब्दांचा रकाना

पंधरा शब्द. दर सेकंदाला एक, आवाजात चढउतार न आणता. टोपी, ढग, चाक, साबण... मग अर्धा तास थांबायचं आणि विचारायचं, काय काय आठवतं? डोक्याला किरकोळ मार बसलेल्या माणसांची ही चाचणी ती अकरा वर्षं घेत होती. दिवसाला सहा जण. संध्याकाळी घरी पोचल्यावर तोंड उघडायचाही कंटाळा येई.

सध्या एक संशोधन चालू होतं. मार सारखाच, तरी एकाची स्मृती पंधरा दिवसांत ताळ्यावर येते आणि दुसऱ्याची चार महिने रखडते. हे जनुकांतच ठरलेलं असतं का, ते पाहायचं होतं. एका जनुकाचा एक प्रकार ज्यांच्या रक्तात सापडे, ते बहुतेक रखडणाऱ्यांतले निघत.

तिच्या तक्त्यात उजवीकडे एक अरुंद रकाना होता: फाजील शब्द. यादीत नसलेलं काही पेशंट बोलला, तर ते तिथे लिहायचं.

एक गवंडी म्हणाला, "जिना." आठवड्याने एक शिक्षिका म्हणाल्या, "जिना, ओली फरशी." मग एक शिंपी, "जिना, ओली फरशी, दार." तिघांची एकमेकांशी कधी गाठ पडलेली नव्हती. तिघांचं रक्त मात्र त्याच प्रकारचं.

ती तक्ता घेऊन मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"जिना, फरशी, दार कुणाच्या घरात नसतं?" बाईंनी चष्मा वर सरकवला. "चूक म्हणून मोज आणि पुढे चल. शेवटची रजा कधी घेतली होतीस गं?"

तिला ते आठवेना.

मंगळवारी धाकट्या भावाची पाळी आली. तो बस चालवायचा. डिकीचं झाकण डोक्यात बसलं होतं. स्कॅन स्वच्छ, पण थांबे विसरत होता. दोन चाचण्या वाया गेल्या होत्या; ही शेवटची. दहा शब्द हवेत, आणि फाजील दोनाच्या वर नकोत. नाहीतर बस कायमची हातातून जाणार. नियमाने सख्ख्या भावाची चाचणी तिने घ्यायची नव्हती, पण दुसरी परीक्षक रजेवर होती. त्याच्या रक्तात तोच प्रकार निघाला होता. निरोगी माणसांच्या गटात तिचंही रक्त घेतलं होतं. तिच्यातही तोच.

शब्द वाचून झाले. दोघं वाट पाहत बसली.

"ताई, तू माझी सायकल विहिरीत घातलीस ते लख्ख आठवतंय. काल काय जेवलो ते विचारू नकोस."

"गप्प बस. बोललास तर शब्द सांडतील."

"डेपोत टेबलामागे बसवलं ना मला, तर वाळवी लागून मरेन. सांगून ठेवतो."

अर्धा तास झाला. अकरा शब्द आले. तिचा जीव भांड्यात पडला. मग त्याने डोळे मिटले.

"जिना. ओली फरशी. दार." तो थांबला. "कडी."

पेन रकान्यावर टेकलेलं होतं. अकरा वर्षांत तिने एकही शब्द गाळला नव्हता.

"पास का गं?"

तिने रकान्यात आडवी रेघ मारली: फाजील काही नाही.

"पास."

त्यानंतर तो प्रकार रक्तात असलेला कुठलाच पेशंट फाजील काही बोलला नाही. कोरे रकाने पाहून डॉक्टरीणबाई खूश झाल्या. भाऊ पुन्हा बसवर रुजू झाला. "डोकं कसं हलकं झालंय," तो फोनवर म्हणाला. "ओझं उतरवून ठेवल्यासारखं."

तिच्या मात्र पोटऱ्या भरून यायला लागल्या. जिने चढून आल्यावर येतात तशा. तिची चाचणीची खोली तळमजल्यावर होती, घरही.

सोमवारी दुपारी एक निवृत्त पोस्टमन आले. तिने एकेका शब्दावर बोट ठेवून पंधरा शब्द वाचले आणि कागद पालथा घातला.

"आता अर्धा तास बाहेर बसा, काका."

ते उठले नाहीत.

"एक विचारू का, बाई?"

"विचारा ना."

"तुम्ही पंधरा शब्द म्हणालात, म्हणून मी बोटांवर मोजत होतो. पंधरा बरोबर झाले." त्यांनी संकोचाने बोटं मिटली. "मग तुम्ही हळूच म्हणालात, 'थांबा, कडी काढतेय.' तेही लक्षात ठेवायचं का?"