धाकटी मेस्त्री आणि चष्म्याची गाडी

टेंपोखाली पाठ टेकून पडलेल्या माणसाला जग घोट्यापर्यंतच दिसतं. धाकट्या मेस्त्रीला त्या दुपारी आधी दिसली ट्रॅक्टरने ओढत आणलेली चार चाकं. मग दोन बूट, लख्ख पुसलेले, पावसाच्या डबक्याला वळसा घालून आलेले. आणि त्यांच्या मागून एका बाईच्या चपला, डबक्यातून सरळ छपाक् छपाक् करत आलेल्या.

"अहो मेस्त्री," बूट म्हणाले, "जरा बाहेर येता का? आमचं घर बंद पडलंय."

"घर पडलं तर गवंड्याकडे जा," ती खालूनच म्हणाली.

चपला खदखदून हसल्या. बूट मात्र एक पाऊल मागे सरले... कारण टेंपोखालून आलेला आवाज मुलीचा होता.

ती सरकत बाहेर आली. कपाळावर ग्रीसचा पट्टा, हातात सतराचा पाना. समोर एक सावळा, उंच तरुण. आणि त्याच्यामागे खरोखरच एक घर! चाकांवरचं. पंचेचाळीस वर्षांची मोटरहोम, गोल कपाळाची, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, आणि अंगावर तेलरंगात काढलेला हा एवढा मोठा चष्मा.

"तुम्हीच मेस्त्री?"

"का? मिशा लावून येऊ?"

"नको, नको! आहे तेच... म्हणजे... ठीक आहे."

"ठीक काय रे, छान आहे म्हण की!" चपला बोलल्या. चपला त्याच्या आत्याच्या होत्या.

तो होता चष्मेवाला. आजोबांनी ही गाडी घेतली, वडिलांनी चालवली, आता तो चालवत होता. जिथे डोळे तपासणारं कुणी नाही अशा गावांत गाडी उभी करायची, लोकांना खुर्चीत बसवायचं, अक्षरं वाचून घ्यायची, आणि आतल्याच टेबलावर काच घासून चष्मा हातात द्यायचा. आत्या स्वयंपाक सांभाळी, नोंदवही सांभाळी आणि भाच्याची फजितीही सांभाळी.

धाकटीने पुढच्या दोन सीटच्या मधलं झाकण उचललं. या जुन्या गाड्यांचं इंजिन असं घरातच बसलेलं असतं, आजोबांसारखं. तिने हाताने ते फिरवून पाहिलं, कान लावला, गिअरबॉक्समधलं तेल बोटावर घेऊन चोळलं. तेलात पितळेचा चुरा होता.

"बेअरिंगा गेल्यात. गिअरबॉक्सचे दातही गेलेत. आता या वयात दात जायचेच."

"माझ्याकडे बघून काय बोलतेस गं?" आत्या म्हणाली.

"सुटे भाग मिळतील?" चष्मेवाल्याने विचारलं.

"तुमचा जन्म व्हायच्या आधी मिळायचे."

त्याने दारावरून हात फिरवला. माणूस आजाऱ्याच्या अंगावरून हात फिरवतो ना, तसा तो हात होता. धाकटीने ते पाहिलं, आणि तिला काय झालं देव जाणे, एरवी दोन दिवस विचार करून द्यायचं उत्तर तिने उभ्या उभ्या देऊन टाकलं.

"इंजिन आणि गिअरबॉक्स, दोन्ही दुसरी बसवू. एका मिनीबसचं इंजिन मी नव्याने बांधून ठेवलंय. बसेल. बसवीन मी. तीन आठवडे लागतील."

"तीनच?" तो म्हणाला. मग स्वतःच लाजला.

आता थोरल्या मेस्त्रींचं ऐका. ते धाकटीचे वडील. चाळीस वर्षं गाड्या बांधल्या. मग डोळ्यांच्या आतला पडदा खराब होत गेला. एकदा ब्रेकची पिन लावायची राहिली, त्यांना दिसलीच नाही. देवाच्या कृपेने कुणाला काही झालं नाही. पण त्याच संध्याकाळी त्यांनी पाना धुऊन, पुसून मुलीच्या हातात ठेवला. "ज्याला दिसत नाही, त्याने दुसऱ्याच्या गाडीत हात घालू नये. लोक आपल्या भरवशावर लेकरं बसवतात." तेव्हापासून ते दाराशी बाजेवर बसत आणि नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगत.

आणि धाकटीचं गुपित असं, की गेले सहा महिने तिलाही जवळची बारीक अक्षरं धूसर दिसत होती. ती ते कुणाला सांगत नव्हती. वडिलांचंच दुखणं आपल्यात उतरलं असेल, तर हे गॅरेज, हे काम, हे हात... सगळंच संपलं. म्हणून ती बोटांनी बघायला शिकली होती. आटे बोटांनी मोजायची, फट नखाने. आजवर बोटांनी दगा दिला नव्हता.

काम सुरू झालं. पुढची जाळी, रेडिएटर, सगळं उतरवून तिने चेनकप्पीला जुनं इंजिन टांगलं. ते हळूहळू बाहेर झुललं तेव्हा आत्याने हात जोडले. "पंचेचाळीस वर्षं ओढलंस रे बाबा आम्हाला." नवा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा चार इंच लांब निघाला. धाकटीने मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट तेवढाच कापून नेमका जोडून आणला. इंजिनाच्या बैठका नव्याने घडवल्या. पुठ्ठ्याचे नमुने कापून, लावून, पुन्हा कापून. चष्मेवाला दिवा धरून उभा राही आणि बघत राही.

"दिवा खाली. मी खाली काम करतेय, माझ्या तोंडावर काय उजेड पाडताय?"

"माफ करा. चुकून वर गेला."

"चौथ्यांदा चुकून?"

"तिसऱ्यांदा," तो म्हणाला. "पहिल्यांदा मुद्दाम होता."

तीही बघत होती, हे मात्र तिने कबूल केलं नसतं. तिसऱ्या प्रहरी तो गॅरेजच्या अंगणात खुर्ची मांडून गावातल्यांचे डोळे तपासत असे. बहिऱ्या माणसाशी सावकाश बोले, भित्र्या माणसाची आधी थट्टा करून घेई. एक म्हातारी शिंपीण आठ वर्षांनी स्वतःच्या हाताने सुईत दोरा ओवून दाखवत होती, तेव्हा तो तिच्यापुढे उकिडवा बसला होता, आणि आनंद तिच्यापेक्षा त्यालाच जास्त झालेला. धाकटीच्या हातातला पाना तसाच राहिला. एवढं मऊपण घेऊन माणूस जगात फिरतो कसा, आणि फिरून मऊच राहतो कसा?

"तुमचेही तपासू?" त्याने एकदा सहज विचारलं.

"माझी नजर घारीची आहे."

तो हसला नाही. "बरं," एवढंच म्हणाला.

मग आली क्लचप्लेट बसवायची वेळ. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली ही चकती. तिची कुठली बाजू इंजिनाकडे, ते तिच्यावरच बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. जुन्या प्लेटी बोटांना कळायच्या, एक बाजू फुगीर असायची. ही नवीन, दोन्हीकडून जवळजवळ सारखी. धाकटीने ती हातभर लांब धरली, जवळ आणली, तिरकी केली. अक्षरं बोटांना लागत होती... डोळ्यांना लागत नव्हती.

"काय लिहिलंय?" दिवा धरलेला चष्मेवाला म्हणाला.

"कंपनीचं नाव," ती म्हणाली, आणि तिने अंदाजाने प्लेट चढवली.

चार दिवसांनी गाडी चालू झाली. काय आवाज होता! सुरात लावलेल्या तंबोऱ्यासारखा, भरीव, एकसंध. बाजेवर थोरल्यांनी डोळे मिटून मान डोलावली. आत्याने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. धाकटी चालकाच्या जागेवर चढली, क्लच पूर्ण दाबला, पहिला गिअर टाकायला गेली आणि...

कर्र्र!

पुन्हा दाबला. पुन्हा कर्र्र. इंजिन बंद करून टाकला, तर गिअर लोण्यासारखा पडला. म्हणजे क्लच सुटतच नव्हता. तिने क्लचची तार ताणून पाहिली, पायडल तपासलं. पण कारण तिला आधीच कळलं होतं. प्लेट उलटी बसलीय.

"काय झालं गं?" बाजेवरून थोरले म्हणाले.

बघा, इथे खोटं बोलणं किती सोपं होतं! प्लेट खराब निघाली म्हटलं असतं, तर कुणी विचारलं नसतं. ती गाडीतून उतरली, वडिलांच्या समोर जमिनीवर बसली.

"बाबा, प्लेट उलटी लावली मी. तिच्यावर लिहिलं होतं. मला वाचता आलं नाही. सहा महिने झाले... मला वाचता येत नाही." तिने पाना पुसून त्यांच्या मांडीवर ठेवला.

थोरल्यांनी पाना बाजूला ठेवला. मग त्यांनी चाचपडत तिचं डोकं शोधलं. "सहा महिने एकटीच घाबरत होतीस होय, वेडे?" आणि अंगणाकडे तोंड करून हाक मारली, "चष्मेवाले! तुमचं दुकान उघडं आहे का?"

गाडीच्या आत पडदे ओढले. धाकटी खुर्चीत बसली. लहानसं यंत्र घेऊन तो तिच्या डोळ्यांत बघू लागला, इतक्या जवळून, की तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. एक डोळा. मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

"बोला ना," ती पुटपुटली. "जे असेल ते."

"पडदा मला अगदी निरोगी दिसतोय. शहरातल्या डॉक्टरांकडून एकदा खात्री करून घ्या, पण बाबांचं दुखणं तुम्हाला नाही. तुम्हाला फक्त चष्मा हवाय." तो थांबला. "आणि माझंही एक ऐका. त्या दिवशी प्लेट तुम्ही लांब धरलीत, तेव्हाच मला कळलं होतं. मी बोललो नाही."

"का?"

"तुमचा मान दुखावेल म्हणून..." तो यंत्राकडे बघत राहिला. "हे अर्धं खरं. कामाला उशीर झाला तर चार दिवस जास्त राहता येईल, असंही मनात आलं. देव माझ्यावर हसला असेल. डोळे तपासणाऱ्याने दिसलेलं लपवायचं नसतं."

तिने रागवायला तोंड उघडलं. पण तिच्या डोळ्यांवर ठेवलेल्या दोन काचांतून तो पहिल्यांदाच इतका जवळ आणि इतका स्पष्ट दिसत होता... पापण्या, हनुवटीवरचा व्रण, आणि ओलावलेली नजर.

"वाचा," तो हळूच म्हणाला. "शेवटची ओळ."

"वाचत नाही. बघतेय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नाकावर चष्मा चढवून तिने गिअरबॉक्स पुन्हा उतरवला. प्लेटवरची अक्षरं मोठ्याने वाचली, वडिलांना ऐकू जातील अशी. दोन दिवसांत गाडी उभी राहिली, क्लच दाबला, गिअर टाकला. नुसता एक हलका 'टक्'. थोरले बाजेवरून उठून उभे राहिले. "माझ्यापेक्षा चांगलं बांधलंयस," ते म्हणाले. असं ते आजवर कुणाला म्हणाले नव्हते.

आणि मग निघायची सकाळ आली. पुढच्या गावांत माणसं वाट बघत होती, थांबायला कारणच उरलं नव्हतं. धाकटी खिडकीशी उभी राहून एका दमात सूचना देत होती. "पाचशे किलोमीटर होईपर्यंत ताशी चाळीसच्या वर न्यायची नाही. पाचशे झाले की इंजिनाचं तेल बदलायचं. कुठल्याही गॅरेजात बदलून देतील."

"कुठल्याही?"

"हो... कुठल्याही." तिने चष्मा काढून पुसला. उगीचच.

चष्म्याची गाडी वळणाआड गेली. धाकटीने त्या दिवशी तीन कामं केली आणि तिन्ही दोनदा केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाजेवरून थोरले म्हणाले, "आपलं इंजिन येतंय."

"भलतंच काय, बाबा! ते आता कुठल्या कुठे..."

पण ती धावली होतीच. गाडी दारात येऊन उभी राहिली. आधी उतरली आत्या, कंबर धरून.

"पोरी, याला समजाव! सरळ रस्त्याने अडीचशे किलोमीटर गेला, चहा प्यायला आणि अडीचशे परत आला! चाळीसच्या वर नाही नेली गं, माझ्या पायांना मुंग्या आल्या! तिकडची माणसं थांबलीत, म्हटलं, तर म्हणतो, आधी तेल."

चष्मेवाला खाली उतरला. बूट चिखलाने माखलेले होते.

"पाचशे झाले," तो म्हणाला. "कुठल्याही गॅरेजात नको वाटलं. आणि... दर पाचशेला मेस्त्री जवळ असेल तर मला बरं वाटेल. या गाडीत चार माणसं मावतात. बाबांचीही जागा काढलीय, खिडकीपाशी, इंजिन ऐकू येईल अशी. तिकडच्या गावांत बंद पडलेल्या गाड्याही पुष्कळ आहेत. मी विचारून आलोय."

धाकटीने वळून वडिलांकडे पाहिलं. थोरले मेस्त्री बाजेखाली हात घालून आपल्या चपला शोधत होते.

"आधी तेल," ती म्हणाली. डोळे हसत होते. "दिवा धर. आणि माझ्या तोंडावर धरलास तरी चालेल."