घाण्याचं वळण

घाण्यामागे जन्म काढलेल्या माणसाला सरळ चालता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हसू नका. त्या खोडीपायी एक माणूस गेला.

बेझालेल आणि त्याचा थोरला भाऊ आयझॅक, अलिबागकडचे शनिवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तिथले ज्यू. सहा दिवस बैलामागे गोल गोल फिरायचं. शुक्रवारी दिवेलागणीला आयझॅकची हाक यायची, "बेझू, शब्बाथ लागला रे, बैल सोड!" की घाणा शनिवार उतरेपर्यंत गप्प. इस्रायलला आले तेव्हा घाणा मागे राहिला. पायांचं डावं वळण तेवढं बरोबर आलं.

वस्ती मिळाली ती अश्केलोनच्या खाली, अगदी हद्दीवर. हद्द म्हणजे काय हो? एकोणपन्नास साली कागदावर ओढलेली रेघ, आणि जमिनीवर नांगराचं एक तास, फाळाने उकरलेली सरी. वारा ते बुजवायचा, म्हणून दरवर्षी पुन्हा नांगरायचं. डाव्या अंगाला पलीकडचा, शत्रूचा मुलूख, नि मध्ये कुठे कुठे सुरुंग. चौपन्न साली हे काम आयझॅककडे आलं. एके दिवशी धुळीच्या वादळातून खेचर एकटंच परतलं. आयझॅक आला नाही, त्याचं प्रेतही सापडलं नाही.

त्यांची आई रिव्का रडलीच नाही. "मेला असं कुणी पाहिलंय?" म्हणायची, नि रोज रात्री त्याचं ताट वाढायची. सात दिवस जमिनीवर बसून शोक करायचा असतो, तोही करू देईना. म्हातारी आतल्या आत वाळत चालली. दादा आहे की गेला ते एकदा कळावं आणि आईने मोकळं रडावं, एवढंच बेझालेलला हवं होतं. म्हणून पुढच्या वर्षी त्याने ते काम मागून घेतलं.

शुक्रवार होता. दुपारनंतर पिवळी धूळ उठली. सूर्य दिसेना, वेळ कळेना. तो नांगरत राहिला. आणि मग वास आला... ताज्या तिळाच्या तेलाचा. पाठोपाठ लाकडाची करकर, संथ, ओळखीची. त्या मुलखात घाणा कुठला? पण बेझालेलला भीती वाटली नाही, त्याला रडू आलं. अलिबागचं अंगण दिसलं, पेंड न्यायला आलेल्या शेजारणी, बैलाच्या डोळ्यांवरची झापडं. किती दिवसांनी! पाय आपोआप डावीकडे वळले.

"बेझू..." अगदी कानाशी. "शब्बाथ लागला रे... बैल सोड."

खांद्यावर एक गार हात पडला. बेझालेलने होता तिथेच खेचर सोडलं.

"दादा...?"

करकर थांबली.

धूळ बसली तेव्हा गस्तीवरचा शिपाई येहुदा लांबून ओरडत होता, "हलू नकोस! आहेस तिथेच उभा राहा!" फाळापुढे वीतभर अंतरावर मातीतून सुरुंगाचं झाकण वर आलं होतं.

घरी रिव्काने दिव्याच्या उजेडात त्याचा सदरा पाहिला. खांद्यावर तेलाच्या हाताचा ठसा होता. तिने बोटं मोजली. चार. आयझॅकची करंगळी लहानपणीच घाण्यात गेली होती.

"गेला माझा बाळ," ती म्हणाली. "जिवंत असता तर एवढ्या जवळ येऊन घरी आल्याशिवाय राहिला असता का?"

शनिवार उतरल्यावर ती जमिनीवर बसली आणि सात दिवस पोटभर रडली. मग आयझॅकचं ताट घासूनपुसून फडताळात ठेवून दिलं. बेझालेलला त्या रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

सकाळी तो दार उघडून बाहेर आला तो तिथेच थबकला. घराभोवती वाट पडली होती, गोल, चांगली घोटाभर खोल. अनवाणी माणसाची पावलं, फेरीवर फेरी, डावीकडे वळत गेलेली. खूर एकही नाही. शेवटची फेरी उंबऱ्यापाशी संपत होती, आणि परत फिरलेलं पाऊल कुठेच नव्हतं.

रिव्का त्याच्या मागे येऊन उभी राहिली. ती पावलं तिने पाहिली. मग आत गेली, आणि फडताळ उघडल्याचा आवाज आला.